घर हलवणारी

लोकांचे घरसामान एका जागेहून दुसऱ्या जागी पोहोचवणाऱ्या एका पेढीत, मालकीणबाईंच्या टेबलासमोर, एक मध्यमवयीन गृहिणी मांडीवर हात ठेवून शांतपणे बसली होती. टेबलाच्या एका अंगाला चिकटपट्टीची रिळे रचलेली होती, दुसऱ्या अंगाला अर्धा कप चहा निवत होता, आणि खिडकीबाहेरच्या आवारात दोन गडी जुन्या गोधड्यांत गुंडाळलेले कपाट ट्रकमधून उतरवीत एकमेकांवर खेकसत होते. मालकीणबाईंनी विचारले, की शिक्षण झाल्यावर काही काळ नोकरी केलीत, मग पुढे इतकी वर्षे काय केलेत? थोरली झाली तेव्हा नोकरी सोडली, पुढे धाकटा झाला, आणि तेव्हापासून मुले व घर, असे तिने सांगितले. सांगताना तिच्या स्वरात संकोच नव्हता आणि आवही नव्हता.

मालकीणबाई वडिलांच्या पश्चात ही पेढी चालवीत आल्या होत्या. बोलायला तोडून, पण न्यायाने वागणाऱ्या. सामान बांधताना घरमालकाशी बोलणे, बांधाबांधीवर देखरेख ठेवणे आणि नव्या घरात सारे जागच्या जागी लावून देणे, एवढ्यासाठी त्यांना एक माणूस हवा होता. चांगली शिकलेली मुले त्यांनी ठेवून पाहिली होती. ती सामानाला नव्हे, माणसांना कंटाळून निघून गेली.

"घर हलवायच्या दिवशी लोक माणसात नसतात," मालकीणबाई म्हणाल्या. "रडतात, भांडतात, नको त्या वस्तूला कवटाळून बसतात. तुम्हाला झेपेल?"

"आमच्या घरी रोज संध्याकाळी हेच चालतं," ती म्हणाली.

मालकीणबाईंना हसू आवरले नाही, आणि तिला परीक्षेवर का होईना, पण काम मिळाले.

गड्यांनी तिला पहिल्याच दिवशी 'वहिनी' करून टाकले. मुकादम मात्र तिला नुसते 'बाई' म्हणत. मुकादम या पेढीत मालकीणबाईंच्या वडिलांपासूनचे. कपाटाकडे नजर टाकून ते रिकामे आहे की भरलेले, जिन्याच्या कोणत्या वळणावर अडेल, हे ते सांगत आणि ते तसेच घडे. बोलणे बेताचे, पण जे बोलत ते मिरीसारखे. आता चूल सांभाळणाऱ्या आपल्याला ओझी उचलायला शिकवणार, असे ते ड्रायव्हरला म्हणाले, आणि वहिनींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले.

पहिले घर तान्हे बाळ असलेल्या एका जोडप्याचे होते. वहिनींनी ते इतक्या निगुतीने बांधले की गडीही थबकून पाहू लागले. प्रवासाला निघताना आई पिशवी भरते तशी त्यांची रीत होती: जे उशिरा लागेल ते तळाशी, जे पोहोचताच लागेल ते वर. ट्रकही त्याच न्यायाने भरावा, असा त्यांनी आग्रह धरला. बाळाचे कपडे संध्याकाळीच धुवावे लागतील, म्हणून वॉशिंग मशीन सर्वांत शेवटी, अगदी दाराशी, दिव्यांच्या हलक्या खोक्यांना टेकून चढवले गेले. मागे वजन घेऊ नका, असे मुकादमांनी एकदा सांगितले. बाळ लहान आहे हो, असे वहिनी म्हणाल्या. मुकादमांनी खांदे उडवले.

ट्रक म्हणजे पिशवी नव्हे. रस्त्यातल्या एका गतिरोधकावर मशीन सरकले, दिव्यांची खोकी चेपली, आणि त्यांच्या पलीकडे उभ्या असलेल्या कपाटाच्या आरशाला वरपासून खालपर्यंत तडा गेला. नव्या घरी दार उघडल्यावर तो तडा सर्वांनी पाहिला. मुकादम एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी दोन टोमणे मारले असते तर वहिनींना हायसे वाटले असते.

मालकीणबाईंनी बोलावून घेतले आणि आडपडदा न ठेवता सांगितले, की तुमचे मन चांगले आहे, पण मन ट्रकमध्ये भरता येत नाही. आणखी एक घर देते. वयोवृद्ध डॉक्टरांचे आहे. नामांकित शल्यविशारद होते, आता लेकीकडे राहायला जायचे ठरले आहे. तिथून आपल्या दोन टोळ्या हात हलवीत परत आल्या आहेत. बांधलेली खोकी ते रात्रीतून सोडतात आणि सारे पुन्हा फळ्यांवर मांडून ठेवतात. जागा विकली गेलेली आहे. आठवडाअखेर किल्ली द्यायची आहे. ते घर हलले तर तुम्ही कायमच्या. नाही हलले, तर दोघींनी एकमेकींचा वेळ घेऊ नये.

घरी हे कळल्यावर यजमान अगदी मायेने म्हणाले, की एवढा जिवाला त्रास कशाला, सोडून दे, तुला काय कमी आहे? थोरली पुस्तकातून डोके वर न काढता म्हणाली, की आई, आमच्यावर ओरडतेस तशी तिथे एकदा ओरड, सगळे डॉक्टर सरळ होतील. वहिनी हसल्या, परंतु यजमानांच्या मायेचा शब्द त्यांना टोचून गेला. कमी काहीच नव्हते. प्रश्न इतकाच होता, की ज्या वर्षांत त्यांनी आपली सारी बुद्धी आणि सारा धीर ओतला, ती वर्षे घराच्या उंबऱ्याबाहेर निरर्थक ठरणार की काय. जुन्या ग्रंथांनी चौसष्ट कला मोजल्या. त्यांत बालकांची खेळणी करण्याची कला आहे. बालकाला निजवण्याची नाही. जी कला मोजलीच गेली नाही तिचा अधिकार सांगायचा तरी कोणाला?

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकीणबाईंकडे एकच मागणी केली. बांधाबांधीच्या आदल्या दिवशी मला तिथे एकटीला जाऊ द्या. गडी नकोत, खोकी नकोत, चिकटपट्टीसुद्धा नको. मुकादम दाराशीच उभे होते.

"खोक्यांशिवाय?" ते म्हणाले. "म्हणजे मंत्र म्हणून हलवणार?"

"मंत्र येत असता तर मुलांचा अभ्यास त्यानेच नसता का घेतला, मुकादम?"

मुकादमांनी मिशीतले हसू मिशीतच ठेवले.

डॉक्टरांचे घर तिसऱ्या मजल्यावर होते. दार त्यांच्या लेकीने उघडले. डोळ्यांखाली काळे, हातात फोन. आतल्या खोलीत आधीच्या टोळीची खोकी पोटे उघडी टाकून पडली होती आणि त्यांतले सारे आपापल्या जागी परतले होते: जाडजूड ग्रंथ, काचेच्या पेटीतली जुनी शस्त्रे, रेडिओ, टाचण्यांची डबी. खिडकीशी एक रुंद लिहिण्याचे टेबल होते आणि त्यामागे सडपातळ, ताठ पाठीचे डॉक्टर बसले होते. त्यांची बोटे लांब आणि स्थिर होती.

खोकी कुठे आहेत, असे त्यांनी विचारले. आणली नाहीत, असे वहिनींनी सांगितले. मग कशाला आलात? वहिनींनी समोरच्या दोन खुर्च्यांकडे पाहिले आणि कोणत्या खुर्चीत बसू, असे विचारले. वेताच्या खुर्चीत नको, त्यात आमची ही बसायची, ती गेल्यापासून कोणी बसत नाही, असे म्हणून डॉक्टरांनी दुसरीकडे बोट केले. वहिनी बसल्या. पुढचा बराच वेळ त्यांनी घर हलवण्याचा विषय काढला नाही. त्या पाहत होत्या. डॉक्टर न बघता हात लांब करीत आणि चष्मा हाती येई; पुन्हा हात लांब करीत आणि पेन हाती येई. त्या खोलीत त्यांचे डोळे कमी आणि हात अधिक पाहत होते. धाकटाही लहानपणी अंधारात असाच हात लांब करून पाण्याचा पेला शोधी, आणि पेला वीतभर सरकलेला असला की घर डोक्यावर घेई. तेव्हा सारे त्याला हट्टी म्हणत.

स्वयंपाकघरात त्यांनी लेकीला विचारले, की बाबांनी नवी खोली पाहिली आहे का? लेक सांगू लागली. सगळे नवे केले आहे, रंग, पलंग, टेबल. किती वेळा विचारले, बाबा, खोली बघायला येता का, पण दर वेळी नाही म्हणतात.

ज्या प्रश्नात 'नाही' दडलेले असते त्याला 'नाही' हेच उत्तर मिळते, हा धडा वहिनींनी फार पूर्वी, दात घासायच्या वेळी, घोटून घेतला होता. त्या पुन्हा आतल्या खोलीत आल्या.

"डॉक्टर, लेकीकडे चालत जायचं की गाडीने?"

डॉक्टरांनी जरा विचार केला. "चालत. गाडीत मला मळमळतं," ते म्हणाले, आणि चपला शोधू लागले. लेक स्वयंपाकघराच्या दारात तोंडावर हात धरून उभी राहिली.

तिघे रस्त्याने निघाले. शिंप्याच्या दुकानापुढे पदपथ खोदलेला होता. तो यायच्या आधीच वहिनींनी सांगितले, की पुढे खड्डा आहे, आपण डावीकडून जाऊ. औषधाच्या दुकानाशी पोहोचण्याआधी सांगितले, की आता वळलो की घर दिसेल. डॉक्टरांचे पाऊल सैल पडू लागले.

नवी खोली स्वच्छ होती, रंगाचा वास येत होता, आणि त्या खोलीत डॉक्टरांचे म्हणावे असे काहीही नव्हते. ते उंबऱ्यावर उभे राहिले. मग आत आले, पलंगावर बसून उठले, भिंतीला हात लावून पाहिला, आणि टेबलाशी येऊन थांबले. उजेड चुकीच्या बाजूने येतो, लिहिताना हाताची सावली कागदावर पडेल, हे टेबल इथे उपयोगाचे नाही, असे ते म्हणाले. आणि कोणी पुढे होण्याआधी त्यांनी स्वतःच ते टेबल दोन्ही हातांनी रेटून दुसऱ्या भिंतीला लावले. ज्या माणसाने आजवर या खोलीचे नावही घेतले नव्हते, तो तिची मांडणी ठरवू लागला होता. वहिनींच्या मनात आनंदाची लाट उसळली, आणि कित्येक वर्षांची सवय विचाराच्या आधी जिभेवर आली.

"शहाणं माझं ते," त्या म्हणाल्या.

डॉक्टर सावकाश वळले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"बाई, मी माणसांची पोटं उघडून पुन्हा शिवली आहेत. मी कोणाचं शहाणं बाळ नाही. उद्या तुमच्यापैकी कोणीही यायचं नाही."

लेक लगबगीने पुढे झाली आणि बाबा, त्यांना तसे म्हणायचे नव्हते, असे सांगू लागली. हाती आलेले सारे निसटत असताना हा आधार घेणे सोपे होते. वहिनींनी तो घेतला नाही.

"तसंच म्हटलं मी," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. तोंडाला सवय आहे, पण तुम्ही माझा धाकटा नाही. म्हणून आता जे आहे ते सरळ सांगते. तुम्ही हो म्हणालात तर उद्या सकाळी आमची माणसं येतील. आधी पुस्तकं, मग कपडे, टेबल शेवटी. कोणतंही खोकं बंद करण्याआधी तुम्हाला दाखवू. तुम्ही थांबा म्हणालात की हातातलं काम तिथेच थांबेल. त्रास होईल. ती खोली रिकामी बघताना होणारच, होणार नाही असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही इथे पाऊल टाकाल तेव्हा तुमचं टेबल ह्या भिंतीशी असेल आणि चष्मा डाव्या हाताला असेल."

डॉक्टर पलंगाच्या कडेवर बसले.

"पोट उघडायच्या आदल्या दिवशी रोग्याला असं सांगावं लागतं," ते म्हणाले. "काय करणार, कुठे दुखणार, जाग आल्यावर काय दिसेल. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पहिली काही वर्षं मी नुसती सुरी चालवत होतो. तुम्ही कुठे शिकलात?"

"धाकट्याला सुई टोचायला नेलं होतं. मी म्हटलं, काही दुखत नाही रे. दुखलं. त्यानंतर कितीतरी दिवस त्याने माझा कुठलाच शब्द खरा मानला नाही."

"म्हणजे चुकून शिकलात."

"सगळंच चुकून शिकले, डॉक्टर. दोन्ही मुलं धडधाकट आहेत, एवढंच."

"माझेही बरेचसे रोगी," डॉक्टर म्हणाले. आणि त्यांच्या लेकीने कित्येक महिन्यांनी आपल्या वडिलांना हसताना पाहिले.

सकाळी टोळी आली. वहिनींनी मुकादमांना बाजूला घेऊन सांगितले, की डॉक्टर नव्या घरात शिरण्याआधी टेबल तिथे लागलेले हवे, हा शब्द दिला आहे. मुकादमांनी टेबलाला हात लावून पाहिला. अस्सल लाकूड आहे, वजन आत खोलवर जाणार, म्हणजे सर्वांत शेवटी निघणार, असे ते म्हणाले. या वेळी वहिनींनी आग्रह धरला नाही.

"ट्रक तुमचा, मुकादम. मी तोंड घालणार नाही. पण शब्द देऊन बसले आहे. तुम्हीच सांगा, काय करता येईल?"

मुकादमांनी हनुवटी खाजवली, जिना पाहून आले, ड्रायव्हरशी काही बोलले. टेबल, वेताची खुर्ची आणि रोजच्या हाताखालच्या वस्तू शेवटी उतरवून पेढीच्या आवारातल्या छोट्या टेम्पोने ट्रकच्या पुढे काढाव्यात आणि बाकीचा संसार ट्रकमध्ये वजनाच्या न्यायाने भरावा, असा तोडगा त्यांनी स्वतःच काढला. काढताना त्यांचा चेहरा असा होता, की जणू वहिनींचा यात काही संबंधच नव्हता. वहिनींनीही तो संबंध दाखवला नाही. घरात सर्वांना आपापली कामे आपणच ठरवली असे वाटू देणे, ही त्यांच्या हातची जुनी विद्या होती.

खोके भरले की डॉक्टरांना दाखवले जाई. ते मान हलवीत आणि झाकण मिटे. पुस्तके गेली, कपडे गेले. मग एक गडी कपाटाच्या तळातून बाईमाणसाच्या शालींचे गाठोडे घेऊन निघाला, आणि डॉक्टर म्हणाले, थांबा. गडी दारात थांबला. जिन्यावर दोघे जण डोक्यावर ओझे घेऊन थांबले. मुकादमांनी तोंडाने काही न बोलता हात वर केला, आणि खाली ट्रकपर्यंत सारी हालचाल थिजून गेली. ओझे डोक्यावर घेऊन उभे राहणे हे चालण्याहून कठीण. तरी कोणी ओझे खाली ठेवले नाही. वहिनी डॉक्टरांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. खांद्यावर हात ठेवला नाही. डॉक्टरांनी शालींवरून एकदा बोटे फिरवली.

"चला," ते म्हणाले.

संध्याकाळी टेबल ठरल्या भिंतीशी होते. डॉक्टर बसले, त्यांनी न बघता डावा हात लांब केला, आणि चष्मा हाती आला. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला आणि रंग बरा आहे, असे लेकीला सांगितले.

पेढीत परतल्यावर मालकीणबाईंनी वहिनींना काही विचारले नाही; त्यांनी मुकादमांना विचारले. मुकादम हात धूत होते. ते सावकाश धुऊन झाले, पुसून झाले, तेव्हा ते म्हणाले, "ह्यापुढे कुठलंही घर असो, आधी वहिनींना पाठवा. आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊ."

मालकीणबाईंनी मान डोलावली आणि पुढच्या कामाचा पत्ता वहिनींपुढे सरकवला. वहिनींनी तो घेतला. पण त्या लगेच उठल्या नाहीत. मला एक हवे आहे, असे त्या मुकादमांना म्हणाल्या. ट्रक कसा भरतात ते नीट शिकवा. नुसते बघून मला येणार नाही, हाताने करू द्या. मुकादम म्हणाले, की पहिल्या दिवशी बोटे सोलतात. सोलू देत, असे वहिनी म्हणाल्या.

नव्या पत्त्यावर त्या एकट्याच गेल्या. तळमजल्यावरचे घर होते, पायऱ्यांशी एक सायकल आडवी पडलेली होती. घंटा वाजवताच आतून पावलांचा आवाज आला आणि दार वीतभर उघडले. फटीतून एक वृद्ध बाई पाहत होत्या. ओठ मिटलेले, हात दाराच्या आतल्या साखळीवर घट्ट.

आम्ही कोणाला बोलावलेले नाही, मुलाने परस्पर ठरवले आहे, मी इथून हलणार नाही, असे त्यांनी एका दमात सांगून टाकले.

वहिनींनी आडवी सायकल उभी करून भिंतीला लावली, आणि मग दाराकडे वळल्या.

"ऊन फार आहे हो," त्या म्हणाल्या. "माठातलं पाणी द्याल, की साधंच?"

फटीतली नजर भिंतीला लावलेल्या सायकलीवर गेली. मग साखळी निघाली.